कूलर 'चावतो' म्हणून पाट ठेवू नका
(घरच्या आणि पंपघराच्या वायरिंगमधील गळती व तिच्यावरचा स्विच)



उसाची लागण, बेणे, खोडवा, ठिबक आणि तोडीचा कार्यक्रम हे आमचे नेहमीचे विषय. या अंकात मात्र आम्ही विजेबद्दल लिहीत आहोत. 'शेतकी खात्याच्या माणसाला विजेचे काय कळते?' असे कोणी विचारील, तर प्रश्न रास्त आहे. आमची पदविका शेतीची आहे, वायरमनचा परवाना आमच्याजवळ नाही. पण वर्षाचे आठ-नऊ महिने आम्ही आपल्या ओसरीवर, मळ्यात आणि पंपघरात वावरतो. तिथे जे दिसते ते पाहून गप्प बसणे बरे नाही. एकदा गप्प बसलो होतो, म्हणूनच हा लेख लिहिण्याची वेळ आली.

मे 2024 मधली गोष्ट. तापीकाठच्या एका गावात आडसाली लागणीच्या नोंदीसाठी आम्ही एका सभासदांच्या घरी गेलो होतो. दुपारचे दोन वाजले होते आणि खानदेशातले ऊन कसे असते ते आपणास सांगायला नको. ओसरीत पत्र्याचा मोठा कूलर चालू होता. आम्ही खुर्ची जवळ ओढू लागलो तसा घरातला लहान मुलगा ओरडला, "कूलर करंट मारस!" पाहिले तर कूलरपुढे जेवायचा लाकडी पाट ठेवलेला आणि पाटावर रबरी चपलांचा जोड. घरधनी आबा हसत म्हणाले, "साहेब, आठ दिवस झाले, जरा चावतो तो. चपला घालून पाटावर उभं राहिलं की काही होत नाही."

आम्हीही हसलो. नोंद घेतली, चहा घेतला आणि पुढच्या गावी निघून गेलो.

पाचव्या दिवशी गटातल्या स्लिपबॉयने सांगितले की, आबांची सून कूलरला चिकटली होती. बादलीने पाणी ओतताना थोडे पाणी खाली सांडले आणि ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती. नशीब की आबा तिथेच बाजेवर होते. त्यांनी सुनेला हात लावला नाही. हातातल्या काठीने प्लगची वायर ओढून काढली. सून वाचली, दोन बोटे भाजण्यावर निभावले. आबा जर घाबरून तिला ओढायला गेले असते, तर त्या घरातून दोन माणसे गेली असती.

नंतर कूलर उघडून पाहिला. आतल्या छोट्या पाण्याच्या पंपाची वायर पत्र्याच्या काठावर घासून सोलली होती. प्लग टू पिनचा होता. अर्थची हिरवी वायर कोणीतरी 'उगाच लोंबते' म्हणून कापून टाकलेली होती. म्हणजे पत्र्यात उतरलेल्या विजेला जमिनीत जायला माणसाच्या अंगाशिवाय दुसरी वाटच ठेवली नव्हती.

त्या रात्री घरी येऊन आम्ही आमचाच कूलर तपासला. प्लग थ्री पिनचा होता, पण वरची जाड पिन मोडलेली. मागच्या उन्हाळ्यात घरच्यांनी दोनदा सांगितले होते की, हाताला झिणझिण्या येतात. आम्ही म्हणालो होतो, "चप्पल घालून हात लावत जा." दुसऱ्याला काय नावे ठेवायची?

फ्यूज असताना धक्का बसतोच कसा?

पुष्कळ सभासदांचा असा समज आहे की, मीटरजवळ फ्यूज किंवा एम.सी.बी. बसवला की माणसाला भीती नाही. हा समज चुकीचा आहे. फ्यूज आणि एम.सी.बी. ही वायरची राखण करणारी साधने आहेत. वायरमधून जास्त भार गेला किंवा फेज-न्यूट्रल एकमेकांस चिकटले, तर ती पुरवठा तोडतात आणि वायर जळण्यापासून वाचते. माणसाचा हिशेब निराळा आहे.

घरातला दाब 230 व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर अंगातून जाणारा प्रवाह होतो 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर. 5 अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. पण माणसाला मारायला हा प्रवाह पुरेसा आहे. अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर प्रयोग करून पाहिले होते की, किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार आपण होऊन सोडू शकतो. पुरुषांत ही मर्यादा सरासरी 16 मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे 10.5 मिलिअँपिअर निघाली. त्यापुढे बोटे आवळतात आणि माणूस 'चिकटतो'. वीज माणसाला धरून ठेवते असे आपण म्हणतो, पण खरे तर आपलेच स्नायू सुटत नाहीत.

'आमच्याकडे अर्थिंग आहे' असे काही जण म्हणतील. अर्थिंग हवेच, पण ते जिवंत आहे का हे पाहिले पाहिजे. आपल्या तापीकाठची काळी जमीन मे महिन्यात हातभर भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्याला घर बांधल्यापासून कोणी पाणी घातलेले नसते. कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. समजा अशा खड्ड्याचा रोध 46 ओहम झाला. 230 भागिले 46 म्हणजे गळती 5 अँपिअरची. 16 अँपिअरचा एम.सी.बी. 5 अँपिअरला हलत नाही. कूलर चालूच राहतो, पत्र्यावर जवळजवळ पूर्ण दाब उभा असतो आणि मीटरही फिरत असते. डोंगराकडच्या मुरमाड जमिनीत तर स्थिती याहून वाईट.

गळतीचा स्विच म्हणजे काय?

यावर उपाय म्हणजे आर.सी.सी.बी. पूर्वी याच कामासाठी ई.एल.सी.बी. नावाचे साधन येत असे, म्हणून बरेच वायरमन आजही तेच नाव घेतात. आपण सोयीसाठी 'गळतीचा स्विच' म्हणू.

त्याचे काम पाटकऱ्यासारखे आहे. पाटाच्या तोंडाशी जेवढे पाणी सोडले तेवढे शेताच्या बांधाशी पोचले, तर मधे सगळे ठीक. कमी पोचले तर कुठेतरी उंदराचे किंवा खेकड्याचे बीळ आहे. फेजच्या वायरने जेवढा प्रवाह घरात गेला, तेवढाच न्यूट्रलने परत यायला हवा. हा स्विच दोन्ही वायरींतला प्रवाह सतत ताडून पाहतो. फरक पडला याचा अर्थ काही प्रवाह पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला आहे. फरक ठरलेल्या मापापर्यंत गेला की स्विच स्वतःहून पडतो. घरासाठी हे माप 30 मिलिअँपिअर असते. 30 ची गळती झाली तर तो 0.3 सेकंदाच्या आत तोडतो आणि 150 किंवा अधिक झाली तर 0.04 सेकंदाच्या आत. धक्का जाणवतो, पण काळजाचा ठोका बिघडण्याआधी पुरवठा बंद झालेला असतो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात दोन बारीक बटणांचे सॉकेट पाहिले असेल. ते हेच साधन, तिथे सॉकेटमध्येच बसवलेले. तिकडे 1973 पासून घराबाहेरच्या आणि 1975 पासून न्हाणीघरातल्या सॉकेटांना ते नियमाने आले. त्यांचा दाब 120 व्होल्ट आणि स्विच पडण्याचे माप सुमारे 5 मिलिअँपिअर. आपल्याकडे सॉकेटात न बसवता मेन बोर्डात एकच स्विच बसवण्याची पद्धत आहे, ती आपणांस परवडणारी आहे. आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या आणि त्यानंतर 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांत गळती-संरक्षणाची तरतूद आहे. नियम कागदावर आला, पण गावातल्या बोर्डात अजून सगळीकडे आलेला नाही. किमतीचे म्हणाल तर साधारण एका टन उसाच्या पैशात घरगुती स्विच येतो.

बसवताना काय पाहावे?

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आपण शेजारी उभे राहून पुढील गोष्टी होतात की नाही एवढे पाहावे.

1) कामाआधी मेन स्विच बंद. घरात इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर तेही बंद. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वायर जिवंत असते, हे पुष्कळ जण विसरतात. बंद केल्यावर टेस्टरवर एकट्यावर न विसंबता टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी.

2) मीटरनंतर मेन स्विच, मग गळतीचा स्विच, मग प्रत्येक भागाचा निराळा एम.सी.बी. असा क्रम असावा. गळतीचा स्विच जादा भाराला किंवा शॉर्टला पडत नाही, म्हणून एम.सी.बी. हवाच. दोन्ही कामे एकात करणारा आर.सी.बी.ओ. सुद्धा मिळतो.

3) फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी गळतीच्या स्विचमधून गेल्या पाहिजेत. अर्थची हिरवी वायर त्यातून कधीही नेऊ नये.

4) स्विचच्या पुढची न्यूट्रल ही स्वतंत्र पट्टीवर घ्यावी. ती बाहेरच्या न्यूट्रलला, इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला किंवा अर्थला कुठेही जोडलेली नसावी. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

5) तांब्याची वायर घ्यावी: लाइट-पंख्यांना 1.5, प्लगांना 2.5 आणि गिझरला 4 चौरस मि.मी.

6) सॉकेट समोरून पाहिले असता वरचे मोठे भोक अर्थचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे. बटण फेजच्या वायरवर असावे. कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री यांना थ्री पिन प्लगच पाहिजे, आणि त्याची वरची पिन शाबूत पाहिजे.

7) वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणे असतील तर 'ए' टाइपचा स्विच घ्यावा. साधा 'ए.सी.' टाइपचा काही प्रकारची गळती ओळखत नाही.

8) शेवटी पुरवठा चालू करून स्विचवरचे 'टेस्ट' किंवा 'टी' लिहिलेले बटण दाबावे. स्विच तत्काळ पडला पाहिजे. पडला नाही तर तो बसवल्यासारखा नाहीच. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला हे बटण दाबायची सवय घरातल्या शाळकरी मुलांना लावावी. मुले विसरत नाहीत.

'डायरेक्ट करून देतो, साहेब'

आता आमच्या घरी काय झाले ते सांगतो, कारण तेच आपल्याकडेही होणार आहे. स्विच बसवला, वर केला, आणि तो लगेच पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. संध्याकाळ होत आली होती, घरात अंधार आणि उकाडा. वायरमन म्हणाला, "साहेब, हा स्विच फार नाजूक आहे. दोन वायरींनी डायरेक्ट करून देतो, दिसायला बोर्डात राहील." खोटे कशाला बोला, आमच्या तोंडात 'बरं' आलेच होते. घरातून आवाज आला, "मग तो आणला कशाला?"

शोध घ्यायची रीत सोपी आहे. सगळे प्लग काढले, सगळे एम.सी.बी. पाडले आणि स्विच वर केला. मग एकेक एम.सी.बी. चढवायचा. ज्याला चढवल्यावर स्विच पडतो त्या भागात गळती. आमच्याकडे सगळे एम.सी.बी. पाडलेले असतानाही स्विच टिकेना. शेजाऱ्याकडे बल्ब चालू झाला तरी आमचा स्विच पडे. याचा अर्थ फेजचा दोष नव्हता, न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र झाले होते. न्यूट्रल एकेक करून सोडवल्या. अडीच तासांनी सापडले: न्हाणीघराच्या प्लगमध्ये कोणा जुन्या कारागिराने अर्थच्या भोकात न्यूट्रलचा तुकडा जोडला होता. अर्थची वायर ओढायचा त्रास वाचवला होता.

या तुकड्याचे गांभीर्य लक्षात घ्या. बाहेर न्यूट्रल तुटली असती, तर त्या प्लगला लावलेल्या मशीनचे सबंध धड 230 व्होल्टचे झाले असते. ज्या स्विचला आम्ही नाजूक म्हणत होतो त्याने पहिल्याच दिवशी घरातला वर्षानुवर्षांचा दोष दाखवला होता. तेव्हा स्विच पडतो म्हणून त्याला बगल देऊ नका. चोर सापडला म्हणून कुत्र्याला कोणी हाकलत नाही.

काही वस्त्यांवर न्यूट्रल गेली की एक फेज आणि अर्थिंगच्या सळईवर बल्ब किंवा टुल्लू पंप चालवतात. गळतीचा स्विच हे चालू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्या सळईजवळची ओली जमीन गुराला आणि पोराला मारणारी असते.

पंपघराबद्दल

मोटरसाठी तीन फेजचा, चार पोलचा स्विच येतो. बोअरची केबल लांब असते, जुन्या सबमर्सिबलला थोडी गळती नेहमीच असते. तिथे 30 चा स्विच वारंवार पडत असेल, तर वायरमनच्या सल्ल्याने 100 मिलिअँपिअरचा घ्यावा आणि अर्थिंग चांगले करून घ्यावे. मात्र पंपघरातला बल्ब, मोबाईल चार्जरचा प्लग आणि कुट्टी मशीन यांना 30 चाच असावा. स्टार्टरच्या लोखंडी पेटीला आणि मोटरच्या धडाला स्वतंत्र अर्थ वायर हवी. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठ दिवसांनी दोन बादल्या पाणी टाकावे. जिथे रोज उसाला पाणी भरतो तिथे खड्डा कोरडा ठेवणे शोभत नाही. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जाताना कोरड्या लाकडी फळीवर उभे राहून, कोरड्या हाताने स्टार्टर दाबावा. विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला बैल बांधू नये, कपड्यांची तार अडकवू नये.

स्विच काय करत नाही?

हेही सांगितले पाहिजे, नाहीतर फाजील विश्वास निर्माण होतो. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला आणि जमिनीत काही गेले नाही, तर स्विचला ते साध्या बल्बासारखेच वाटते, तो पडत नाही. मीटरच्या आधीच्या वायरीवर, म्हणजे खांबापासून घरापर्यंत, त्याची सत्ता चालत नाही. आकड्यावर घेतलेल्या लाइटीवरही नाही. आणि अर्थिंग नसेल तर तो माणसाला स्पर्श झाल्यावरच पडतो. अर्थिंग असेल तर कोणी हात लावण्याआधीच पडतो. म्हणून दोन्ही हवीत. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा तो काढायचाच. थंडीत पाणी तापवायची रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहायचे नाही ते नाहीच.

कोणी चिकटलेच तर

हात लावू नका. आधी मेन पाडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. आबांनी केले तेच. ही रीत फक्त घरातल्या वायरीसाठी आहे. बाहेर तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊच नका, लोकांना दूर ठेवा आणि महावितरणला 1912 वर कळवा. माणूस बेशुद्ध असून श्वास नसेल तर 108 वर फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, सुमारे 5 सें.मी. खोल दाब देत राहा. मातीत पुरणे, तोंडात पाणी घालणे यात वेळ घालवू नका.

आबांच्या घरी आम्ही जून 2024 मध्ये पुन्हा गेलो. बोर्डात नवा स्विच होता, कूलरला थ्री पिन लागली होती, आणि पाट परत स्वयंपाकघरात गेला होता. सुनेने चहा आणून दिला. बोटांवरचे डाग अजून दिसत होते. आबा म्हणाले, "साहेब, त्या दिवशी तुम्ही पण हसला होतात." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यापूर्वी, कूलर माळ्यावरून खाली उतरवायच्या आत, हे काम करून घ्यावे. 'जरा चावतो' असे घरात कोणी म्हणाले, तर त्याच क्षणी प्लग काढावा आणि वायरमनला बोलवावे. यापुढे शेतकी खात्याचे कर्मचारी नोंदीला आले आणि त्यांना कूलरपुढे पाट दिसला, तर ते आधी पाटाबद्दल विचारतील. त्याचा राग मानू नये.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग